दानाचा हिशेब

अमेरिकेतील येल विद्यापीठ ज्या व्यापाऱ्याचे नाव मिरविते, त्याची संपत्ती आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर जमली होती. एलिहू येल १६७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मद्रासेस आला. वर्षाला दहा पौंड पगाराचा हा नोकर १६८७ मध्ये फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकीर्दीत, १६९० मध्ये, कंपनीने जिंजीस असलेल्या छत्रपती राजारामांच्या सरकारकडून कडलूरजवळचा किल्ला विकत घेतला. तोफेचा गोळा पोचेल तेवढी भोवतालची गावेही त्या सौद्यात गेली.

दहा पौंडांच्या नोकरीतून कोणी धनाढ्य होत नाही. कंपनीचे नोकर खाजगी व्यापार करीत. येलनेही तो केला, आणि हिऱ्यांत विशेष. अधिकार आणि व्यापार एकाच हाती आले म्हणजे भाव कोण ठरवितो, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्याच सुमारास दुष्काळाने गांजलेली माणसे मद्रास बंदरातून गुलाम म्हणून परदेशी धाडली जात होती. येलचा सहभाग असलेल्या कौन्सिलने तर युरोपकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर किमान दहा गुलाम चढविण्याचा हुकूम काढला. पुढे गैरव्यवहाराच्या आरोपांवरून १६९२ मध्ये तो पदच्युत झाला. परंतु १६९९ मध्ये गडगंज होऊनच इंग्लंडला परतला.

१७१८ मध्ये त्याने कनेक्टिकटमधील एका गरजू विद्यालयास मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके व राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठविले. मालाच्या विक्रीतून सुमारे ५६० पौंड उभे राहिले आणि विद्यालयास त्याचे नाव मिळाले. इतके दीर्घायुषी नाव इतक्या स्वस्तात क्वचितच कोणी विकत घेतले असेल.

त्या देणगीने विद्या वाढली, हे नाकारण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल जाहीर क्षमा मागितली, हेही योग्यच झाले. हिशेब मात्र तेथे संपत नाही. शिक्षण धनिकाच्या औदार्यावर सोपविले की त्याचे धन कोठून आले, हे विचारावयाचे कोणी? विचारणाराच मिंधा झालेला असतो. म्हणून शिक्षणाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, हा आग्रह कार्यकर्त्यांनी सोडता कामा नये. त्या तिजोरीत विणकराचा आणि शेतमजुराचाही पैसा असतो. तिच्यावर चालणाऱ्या शाळेत त्यांची मुले कोणाच्या उपकाराने बसत नाहीत.