स्वमग्नांचा गोतावळा

‘ऑटिझम’ला मराठीत स्वमग्नता म्हणतात. भाषांतर चोख आहे, आणि अडचण तिथेच आहे. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द घडवला तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तो उचलला. ही माणसे स्वतःतच बुडालेली असतात, त्यांना इतरांची गरज वाटत नाही, हा समज तेव्हापासून घट्ट रुजला. मराठीने तर तो नावातच बांधून टाकला.

मग या माणसांनी गोतावळा कसा जमवला? १९९२ मध्ये अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि काही स्वमग्न सोबत्यांनी ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना सुनावले, की तुमचे दुःख खरे आहे, पण ते तुमच्या मनातल्या मुलासाठी आहे. समोरच्या मुलासाठी शोक करू नका. १९९६ मध्ये नेदरलँड्सच्या मार्टिन डेकर यांनी स्वमग्नांनीच चालवलेला ईमेल-गट सुरू केला. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणजे मेंदूंच्या वैविध्याची कल्पना आज सगळीकडे ऐकू येते. तिचे श्रेय बहुतेकदा ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधाला दिले जाते. पण या गटांतल्या चर्चांत ती त्याआधीपासून घोळत होती.

इंटरनेटवर ओळख झालेली ही मंडळी १९९६ पासून ‘ऑट्रीट’ नावाच्या निवासी शिबिरात प्रत्यक्षही भेटू लागली. तिथे छातीवर रंगीत बिल्ला लावायची पद्धत होती. लाल म्हणजे आत्ता कोणी बोलू नका. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे, पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. त्या हिरव्या बिल्ल्यात जे आहे, ते कित्येक वैद्यकीय ग्रंथांतून निसटले होते.

समोरासमोरच्या बोलण्यात शब्दांखेरीज बरेच काही एकाच वेळी सांभाळावे लागते. नजर, आवाजाचा चढउतार, समोरचा कधी थांबतो आणि आपण कधी सुरू करायचे, शिवाय पंख्याची घरघर आणि शेजारच्या टेबलावरचा गलका. बहुतेकांचा मेंदू यातले नको ते आपोआप मागे ढकलतो. अनेक स्वमग्नांना ते जमत नाही, सगळे एकाच जोराने आत येते. लिहिताना हा भार उतरतो. उत्तर द्यायला तासभर लागला तरी कोणी तोंडाकडे बघत बसत नाही.

या गप्पांतून वैद्यकशास्त्राला मिळाले ते थोडेथोडके नाही. आवाज, प्रकाश, कपड्याचा स्पर्श यांचा त्रास ही मंडळी वर्षानुवर्षे मांडत होती. अमेरिकन निदान-नियमावलीत तो निकष म्हणून आला २०१३ मध्ये. चारचौघांत ‘सामान्य’ दिसण्यासाठी दिवसभर मुखवटा चढवून ठेवणे, त्यातून येणारा महिनोन्महिन्यांचा शिणवटा, असलेली कौशल्येही गळून पडणे, याला त्यांनी आपापसांत नाव दिले होते. डोरा रेमेकर यांचा आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध आला २०२० मध्ये, आणि रेमेकर स्वतः स्वमग्न आहेत.

डेमियन मिल्टन हे असेच एक स्वमग्न समाजशास्त्रज्ञ. गैरसमज दुहेरी असतो, असे त्यांनी २०१२ मध्ये मांडले. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नसेल, तर इतरांना तरी त्याचे कुठे कळते? २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून कानगोष्टींचा खेळ लावला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली; मिश्र साखळीत जास्त गळाली. पुढे ३०० हून अधिक जणांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीही मागे पडली नाही. विज्ञानात असे होते. पण स्वमग्न माणसे एकमेकांना गोष्ट पोहोचवण्यात कमी पडली नाहीत, हे दोन्ही वेळा दिसले.

यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. बारा वर्षांच्या मुलाला अजून शौचाचे कळत नाही, तो स्वतःचेच डोके भिंतीवर आपटतो, अशा आईला ‘वैविध्य’ हा शब्द थट्टेसारखा वाटू शकतो. इंटरनेटवर आवाज पोहोचतो तो लिहू शकणाऱ्यांचा. बोलू न शकणारेही टंकलेखन करून पुष्कळ काही सांगू शकतात, हे अमेरिकेच्या मेल बॅग्ज यांनी २००७ च्या आपल्या चित्रफितीत दाखवले. तरी ज्यांना तीव्र बौद्धिक अपंगत्वही आहे, त्यांच्या वतीने या गोतावळ्याने सरसकट बोलू नये.

लहान व्हिडिओंची गोष्ट वेगळी. टिकटॉकवरचे स्वमग्नतेविषयीचे लोकप्रिय व्हिडिओ २०२३ मध्ये तपासले गेले, तेव्हा त्यांतले जेमतेम २७ टक्के अचूक निघाले. ते पाहून निदान ठरवू नये. मात्र चाळिशीतली बाई आपल्या अनुभवांची चार पानी यादी घेऊन आली, तर ‘मोबाइल कमी बघा’ एवढे सांगून तिची बोळवण करणे हा डॉक्टरी आळस आहे.

हा सारा पसारा मुख्यतः इंग्रजीत आहे. मराठीत पालकांचे व्हॉट्सॲप गट पुष्कळ. स्वमग्न प्रौढांनी स्वतः चालवलेली जागा मात्र शोधावी लागते. पालकांच्या गटांचा आधार मोठा आहे. पण मूल आकांत करत असतानाची चित्रफीत तिथे फिरते, तेव्हा ते मूल उद्या मोठे होऊन ती पाहील, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिथेच ‘चमत्कारी’ द्रावणाचे संदेशही येतात, जे क्लोरीन डायऑक्साइड म्हणजे चक्क ब्लीच असते. मूलपेशी उपचारांच्या जाहिरातीही येतात. स्वमग्नतेसाठी त्यांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. अशा वेळी गटात एखादा स्वमग्न प्रौढ असता, तर लहानपणी आपल्यावर काय काय प्रयोग झाले आणि त्यांतले काय उपयोगी पडले, हे त्याने सांगितले असते.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिची तपासणीही आहे, पण ती अठराव्या वर्षापर्यंत. नंतर तोच मुलगा मोठ्यांच्या ओपीडीत येतो. तिथे ट्यूबलाइट लुकलुकत असते, नंबर ओरडून पुकारले जातात, आणि डॉक्टरांकडे त्याच्यासाठी दोन मिनिटे असतात. त्याला प्रश्न आधी कागदावर द्यावेत, उत्तर लिहून आणू द्यावे, नंबर येईपर्यंत जिन्याजवळ थांबू द्यावे. त्याला वेगळे अनुदान लागत नाही. लिहून आणलेला कागद केसपेपरला टाचून ठेवावा आणि पुढच्या डॉक्टरने तो वाचावा.