कासरा सोडण्याआधी



मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. त्या बाजारात ज्याने बैल विकला आहे त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. गिऱ्हाईक बैलाचे दात बघते, चालवून बघते, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. पण पैसे मोजून खिशात पडेपर्यंत कासरा काही आपल्या हातातून सुटत नाही. एवढे शहाणपण अंगात मुरलेली आपली माणसे मोबाईलवरून जुनी गाडी विकायला बसली की मात्र फसतात. असे का होते, ते आज बघू.

आमच्या नात्यातला एक भाचा विठ्ठलवाडी स्टेशनजवळ राहतो. गाव मुरबाडकडे. दुधाच्या फेरीसाठी त्याने एक व्हॅन घेतली होती. पुढे म्हशी विकल्या आणि गाडी दाराशी नुसतीच उभी राहिली. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, फी भरायची होती, म्हणून त्याने गाडी विकायला काढली. एक लाख चाळीस हजार किंमत लिहिली आणि फोटो जाहिरातीत टाकले.

पंधरा मिनिटांत फोन आला. "मी फौजेत आहे. बदली झाली आहे. गाडी पसंत आहे, भाव तुम्ही सांगाल तो." पाठोपाठ वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आले, कँटीनचे कार्ड आले. आमच्या गावची पोरे फौजेत आहेत. वर्दी बघून भाच्याचा ऊर भरून आला. गाडी न बघता, घासाघीस न करता कोणी पूर्ण भाव देतो का, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाच नाही. तोच माणूस म्हशाला येऊन बैलाचे दात न बघता पैसे देतो म्हणाला असता, तर भाच्याने त्याला दोनदा वरखाली न्याहाळले असते!

मग तो गडी म्हणाला, "आमच्या खात्यातून पैसे येण्याची रीत वेगळी आहे. मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, आधी पाच रुपयांनी तपासू." भाच्याने स्कॅन केले, पिन टाकला, पाच रुपये गेले आणि लगेच दहा परत आले. झाले, विश्वास बसला. दुसरा क्यूआर वीस हजारांचा होता. पिन टाकला आणि खात्यातून वीस हजार गेले. "चूक झाली, पुन्हा स्कॅन करा, चाळीस हजार एकदम परत येतील," असे पलीकडून सांगणे चालूच होते.

भाच्याची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, पैसे आपल्याला यायचेत ना? मग आपला पिन कशाला लागतोय? डेअरीचे पैसे इतकी वर्षे येत होते, तेव्हा एकदा तरी पिन टाकला होता का तुम्ही?"

भाच्याचा हात तिथेच थांबला. वीस हजार गेले, पण पुढचे वाचले.

मंडळी, या माउलीच्या एका वाक्यात सगळा धडा आहे. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नाही. क्यूआर स्कॅन करणे म्हणजे दुकानदाराला पैसे देणे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली लोकांना सावध करणारी पुस्तिका काढली, त्यात हीच चाल लिहिली आहे: खोटे गिऱ्हाईक येते, बरेचदा दूरच्या ठाण्यावरचा फौजी असल्याचे सोंग घेते आणि पैसे देण्याऐवजी यूपीआयवरून पैसे मागते. तशी मागणी पाठवण्याची माणसामाणसांतली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. पण क्यूआरची चाल अजून चालते. त्यात खऱ्या जवानाची बदनामी होते ती वेगळीच.

आणखी काही सोंगे लक्षात ठेवा. पैसे जमा झाल्याचा खोटा संदेश किंवा फोटो पाठवतात. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर भरवसा न ठेवता आपल्या खात्यातली शिल्लक बघा. "अडचण सोडवतो, एवढे ॲप घ्या" असे सांगून आपला फोन दुरून बघणारे ॲप टाकायला लावतात. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. आणि "आजच हवे, अर्ध्या तासात हवे" असा घाईचा सूर लागला की समजा, दाल में काळे आहे.

आता दुसरी बाजू. गिऱ्हाईक खरे आहे, पैसेही खरे आहेत, तरी विकणारा बुडू शकतो. कसा? गाडी दिली, चावी दिली आणि कागद तसेच राहिले. पुढे त्या गाडीने कोणाला उडवले तर? ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाच एक खटला निकाली काढला. त्यातली मोटार २००७ साली विकली होती, मग हातोहात आणखी दोघातिघांकडे गेली, पण आरटीओत नाव पहिल्याचेच होते. २००९ साली अपघात होऊन एक जीव गेला. न्यायालय म्हणाले, नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी त्याच्याकडे नसून दोन वर्षे झाली होती, तरी.

तेव्हा गाडी विकताना ही कामे क्रमाने करा.

गिऱ्हाइकाला दिवसाउजेडी बोलवा, चार माणसे असतील अशा जागी गाडी दाखवा. चालवून बघायची तर त्याचा परवाना बघा आणि स्वतः शेजारी बसा. चावी देऊन मोकळे होऊ नका.

अनोळखी माणसाला आरसी बुकाचे, आधारचे फोटो पाठवू नका. कामासाठी झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करा.

पैशाचा व्यवहार शक्यतो बँकेत दोघांनी मिळून जाऊन करा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला २०१७ पासून बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. चेक किंवा डिमांड ड्राफ्ट दिला तर तो वटून रक्कम आपल्या खात्यात येईपर्यंत गाडी दारातच राहू द्या.

फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पूर्ण भरूनच सह्या करा. कोऱ्या फॉर्मवर सही म्हणजे कोऱ्या सातबाऱ्यावर अंगठा! गाडी विकल्याची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातले असेल तर ४५ दिवसांत. कल्याणची एमएच-०५ गाडी असेल तर कल्याणच्या आरटीओत. "मी करून घेतो" असे गिऱ्हाईक म्हणाले तरी आपली खबर आपणच द्या आणि पोच जपून ठेवा. कर्ज फिटले असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा.

गाडी ताब्यात देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्यांची चिठ्ठी करा. त्या मिनिटानंतरचे चलन कोणाचे, हा वाद मग उरत नाही. फास्टॅग काढून बंद करा, नाहीतर टोल आपल्या खात्यातून जात राहील.

आणि फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा, बँकेला कळवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवत असतो. तक्रार लवकर गेली तर वाटेतच रक्कम अडवता येण्याची आशा असते. भाच्याने तक्रार केली, पण घरात बसून हळहळण्यात रात्र घालवली आणि सकाळी फोन केला. ते वीस हजार अजून आले नाहीत. मुलीची पहिली फी मामाकडून हातउसने घेऊन भरली.

व्हॅन पुढे विकली गेली. शेजारच्या गावचा एक भाजीवाला आला, गाडीखाली झोपून त्याने पाटे बघितले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि पंधरा हजारांसाठी तासभर हुज्जत घातली. भाच्याची बायको हसून म्हणाली, "हे बघा, हे खरे गिऱ्हाईक!"

बरं तर मंडळी, पुढच्या आठवड्यात भेटू. राम राम.