मोटारीचा रंग आणि आमचा खिसा

दिवाळीच्या तोंडावर घराच्या भिंती रंगवणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत भेटतील; पण अर्धी चड्डी घालून स्वतःच्या मोटारीला रंग देत बसलेला मनुष्य दिसला की येणारा-जाणारा थबकतोच. आधी त्याच्या चेहऱ्यावर कुतूहल उमटते, मग कीव, आणि शेवटी तो सल्ला देतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरचे तीन आठवडे मी हे तिन्ही भोगले.

आमची मोटार म्हणजे २००७ सालची मारुती ८००. ही गाडी प्रथम रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात, आणि तिचे उत्पादन थांबले जानेवारी २०१४ मध्ये. आमच्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२२ साली भरली. तपासणी होऊन पुढे पाच वर्षांची मुदत मिळाली, म्हणजे २०२७ साली पुन्हा परीक्षा! इकडे दारांखालचा पत्रा गंजाने फुगू लागला होता.

मोटारीवाचून माणसे जगत नाहीत काय, असे कोणी विचारील. आमच्या घरात तूर्त तरी जगत नाहीत. आईचे दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असते. पहाटे रिक्षा मिळत नाही, हे एक वेळ चालेल. पण परतताना ती इतकी गळून गेलेली असते की फाटकाशी दहा मिनिटे उभे राहणे तिला होत नाही. औषधपाण्याच्या खर्चात दुसरी गाडी बसत नाही. तेव्हा हीच टिकवायची, असे ठरले. गॅरेजवाल्याने डेंटिंग-पेंटिंगचे अडतीस हजार सांगितले. सौ.ने तो आकडा मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाली, “तुम्हीच का नाही देत रंग? पाळणा तुम्हीच रंगवला होता.”

पाळणा आणि मोटार यांत अंतर आहे खरे, पण वाटते तितके नाही. मोटारी सुरुवातीला ब्रशानेच रंगवल्या जात. व्हार्निशाचे हातावर हात द्यायचे, मध्ये घासायचे, आणि वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. मग अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला, आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या त्या निळ्या रंगात बाजारात आल्या. त्या रंगाचे नाव ‘ड्यूको’. आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. डबा कोणत्याही कंपनीचा असो, काम ‘ड्यूको’च! आणि रोल्स-रॉईसच्या अंगावरची ती बारीक रेघ आजही कारागीर कुंचल्याने हातानेच ओढतो. तेव्हा हाताने रंगवण्यात गावंढळपणा आहे, असे मी तरी मानीत नाही.

गॅरेजात हल्ली हार्डनर मिसळून मारायचा टू-के रंग वापरतात. झळाळी उत्तम, टिकतोही. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवार श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काहीच कामाचा नाही. घरात आजारी माणूस, वर इमारतीत लहान मुले. तो विचार मी पहिल्या दिवशीच सोडला. शिवाय कॉम्प्रेसर आणायचा कुठून? मी निवडला साधा सिंथेटिक एनॅमल, दाराखिडक्यांना देतो तो, आणि चार इंची स्पंजचा रोलर. ही युक्ती एकरंगी गाडीलाच लागू पडते, हे आधीच सांगतो. चकाकणारा मेटॅलिक रंग असेल तर रोलरने त्यातली चमकी ढगांसारखी पसरते. त्या गाडीच्या मालकाने माझे ऐकू नये.

आमची पांढरी होती, पांढरीच ठेवली. भाच्याला मिलिटरीचा हिरवा हवा होता. पण १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणाला लावता येत नाही. दुसरा कुठला रंग द्यायचा तरी आरटीओत अर्ज करून नोंदणीपत्रात बदल करून घ्यावा लागतो.

आता मुख्य गोष्ट, गंजाची. रंगाच्या फोडाखाली स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून पाहावी. टणक वाजले तर गंज वरवरचा. भद्द वाजले तर आत पत्रा उरलेलाच नाही. आमच्या डाव्या दाराखाली टोक सरळ आत गेले. अशा भोकावर पुट्टी थापून वर रंग दिला की गाडी सहा महिने नवरीसारखी दिसते. पाणी मात्र आतल्या बाजूने येते, पुट्टी ओल धरते, आणि एके दिवशी सगळी खपली हातात येते. विकायच्या गाड्यांना हे सर्रास करतात. आपल्याच आईला जिच्यात बसवायचे तिला कसे करणार? तीन ठिकाणचा कुजका पत्रा कापून नवा बसवायला वेल्डिंगवाल्याला अठराशे रुपये दिले. त्याआधी बॅटरीची तार सोडली, आतला गालिचा काढला. सगळ्या खर्चात हे पैसे देताना मला जराही जड वाटले नाही.

बाकीचे घासकाम. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने गंज उजळ पत्र्यापर्यंत खरवडायचा, लगेच रेडऑक्साइड प्रायमर लावायचा, खड्ड्यांना पुट्टी, मग एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस. सगळ्या अंगाची चकाकी घासून मारायची, नाहीतर नवा रंग धरत नाही. खांदे भरून येतात, नखे पांढरी होतात. सोसायटीचे सेक्रेटरी धूळ उडते म्हणून तक्रार घेऊन आले. मी पाण्याने घासायचा पेपर दाखवला, तेव्हा “मग डाव्या कोपऱ्यात अजून जरा घासा,” असे सांगून गेले.

रंगात टर्पेंटाइन घालून तो दुधाइतका पातळ केला. पहिल्या हातानंतर गाडी इतकी भेसूर दिसली की सौ.ने खिडकी लावून घेतली. पण पातळ हात हेच यातले मर्म. जाड दिला की ओघळ येतात. असे सहा हात. दोन हात झाले की दोन दिवस थांबायचे आणि सहाशे नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासायचे. घाई केली तर कच्चा रंग पेपराला गोळ्या होऊन चिकटतो. ऑक्टोबरचे ऊन या कामाला देणगीच. मात्र सकाळचे दव ओसरल्यावर सुरू करावे आणि तीनच्या आत हात धुवावेत; ओल्या रंगावर दव पडले की झळाळी मरते. टर्पेंटाइनजवळ पणती नको, फुलबाजी तर नकोच.

मंगळवार-शुक्रवार चुकवता येत नव्हतेच. त्यामुळे एक बाजू रेडऑक्साइडने तांबडी, एक पांढरी, अशा अवतारात आमची स्वारी इस्पितळात जाई. तिथला दरवान पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या आठवड्यात “आज कुठवर आलंय?” म्हणून चक्कर मारून पाहू लागला. आई त्याला काचेतून सांगे, “अजून दोन हात आहेत.”

सगळा हिशेब सहा हजार एकशे चाळीस रुपये झाला, वेल्डिंग धरून. जवळून पाहिले तर पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक लव दिसते. महिन्याभराने दोन हजार नंबरचा पेपर आणि पॉलिश फिरवल्यावर पुष्कळ कमी झाली. हा सबंध पावसाळा गाडीने उघड्यावर काढला. परवा मी दारांखाली हात घालून पत्रा चाचपला, मूठ ठोकून पाहिली. कुठे फोड नाही, आवाज टणक.

पाव लिटर रंग उरला आहे. त्याच्यावर आईची नजर आहे. तुळशीच्या लग्नाआधी तिला वृंदावन रंगवून हवे आहे, आणि किती हात द्यायचे तेही तिने सांगून ठेवले आहे.