प्रतिनिधी कोणाचा – मतदारांचा की श्रेष्ठींचा?

मतदार मतदानकेंद्रासमोर तासन् तास रांगेत उभा राहतो आणि एका व्यक्तीच्या हाती पाच वर्षांचा विश्वास सोपवतो. सभागृहात ती व्यक्ती आपला आवाज होईल, एवढीच त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात मत कोणत्या बाजूने द्यायचे, हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि तसा पक्षादेश निघतो. मग हा लोकप्रतिनिधी नेमका कोणाचा, हा प्रश्न सुज्ञ नागरिकाला पडल्यावाचून राहत नाही.

ही स्थिती एका चांगल्या हेतूतून आली. १९६७ साली हरियाणात आमदार गयालाल यांनी वारंवार पक्ष बदलले आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. या बाजारास आळा घालण्यासाठी १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट राज्यघटनेत आले. पक्षादेशाविरुद्ध मतदान केले आणि पक्षाने १५ दिवसांत ते क्षम्य मानले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. २००३ साली ९१व्या दुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली; दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र कायम ठेवली.

परिणाम काय झाला? विवेकाला स्मरून वेगळे मत देणारा एकटा सदस्य अपात्र ठरतो. घाऊक पक्षांतराला वाट मिळते. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ साली दोन पक्ष फुटले. २०२४ साली विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही प्रकरणांत एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. रोग तसाच राहिला, जीभ मात्र बांधली गेली.

पक्षशिस्त नको, असे कोणी म्हणणार नाही. मतदार पक्षाचा जाहीरनामा पाहूनही मत देतो, आणि सरकार टिकणे ही देशाची गरज असते. परंतु ज्या ब्रिटनकडून आपण संसदीय पद्धती घेतली, तेथे २०१९ साली सत्ताधारी हुजूर पक्षाने आदेश मोडणाऱ्या २१ खासदारांना संसदीय पक्षातून दूर केले, तरी त्यांची खासदारकी अबाधित राहिली. पक्षाने दिलेले पक्षाने काढून घेतले. मतदारांनी दिलेले मतदारांकडेच राहिले.

आपल्याकडेही मार्ग सुचवलेला आहे. पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास व अविश्वास ठरावासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती मर्यादित ठेवावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच केली होती. सरकार पडण्याचा धोका असेल तेव्हाच पक्षादेश काढावा, असे विधी आयोगाने १९९९ साली सुचवले. दोन्ही सूचना धूळ खात आहेत, कारण श्रेष्ठींचा अधिकार कमी करणारा कायदा श्रेष्ठींनाच करायचा आहे.

म्हणूनच सुरुवात खालून व्हावी लागेल. सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला उमेदवार ठरवताना कोणी विचारणार आहे का? ज्याची उमेदवारी एका दालनात ठरते, तो त्या दालनाशीच निष्ठा ठेवणार. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मतदाराने एवढेच विचारावे : आमचे हित आणि श्रेष्ठींचा आदेश यांत अंतर पडले, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहाल?