दर पाहण्यापूर्वी करार पाहावा

वैशाखाचे ऊन तापू लागले, की हेमलकसा व भामरागड परिसरातील माडिया कुटुंबे दिवस उगवण्यापूर्वीच तेंदूपाने तोडण्यास वनात जातात. ७० पानांचे एक पुडके व १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी असा हिशेब आहे. म्हणजे एका गोणीसाठी ७० हजार पाने हातांनी तोडावी, जुळवावी व बांधावी लागतात. एवढ्या कष्टांचे मोल मात्र फडीवर ठरत नाही. ते आधीच सही झालेल्या करारनाम्यात ठरून गेलेले असते. तो करारनामा गावातील किती जणांनी समजून घेतला होता, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेने स्वतःस विचारला पाहिजे.

पूर्वी हा प्रश्न गावापुढे येतच नसे. तेंदूच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या १९६९ च्या राज्य कायद्यान्वये विक्रीची व्यवस्था शासनाकडे होती व गावाच्या वाट्यास मुख्यतः तोडणीची मजुरी येई. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांनी ही स्थिती पालटली. गौण वनोपजाची मालकी गावाकडे आली व त्यात बांबू आणि तेंदू यांचाही स्पष्ट समावेश झाला. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती २०११ साली बांबूची वाहतूक परवाना पुस्तिका आली, तेव्हा हा हक्क कागदावरून व्यवहारात उतरला. पुढे तेंदूसाठी ग्रामसभांपुढे दोन मार्ग खुले झाले : वनविभागामार्फत लिलाव करवून घेणे किंवा स्वतः निविदा काढून विक्री करणे. दुसरा मार्ग पत्करणारे गाव मजूर राहत नाही, ते विक्रेते होते; आणि विक्रेत्यास कराराचे प्रकार ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कराराची नावे अनेक असली, तरी ती ओळखण्याची खूण एकच आहे : काही विपरीत घडल्यास तोटा कोणी सोसावयाचा? शासनाची आधारभूत किमतीची खरेदी घ्या. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धानाचा भाव आधीच जाहीर असतो, त्यामुळे भाव पडण्याचे भय शेतकऱ्यास नाही. परंतु धानात १७ टक्क्यांहून अधिक ओलावा आढळला, तर माल परत नेण्याचा खर्च त्याच्याच माथी येतो. म्हणून तेथे भावाची घासाघीस व्यर्थ आहे. धान नीट वाळविणे हाच शहाणपणा होय.

तेंदूच्या विक्रीत दोन प्रकार संभवतात. पहिला गोणीच्या दराचा करार. जितक्या गोण्या भरतील, तितक्यांचे पैसे. गारपिटीने पाने फाटली व संकलन घटले, तर गावाचे उत्पन्न घटते; हंगाम चांगला गेला, तर ते वाढते. दुसरा ठोक रकमेचा करार. यात पीक बुडाल्यास तोटा व्यापाऱ्याचा, पण अंदाजाहून अधिक पाने निघाल्यास लाभही त्याचाच. २०० गोण्यांचा अंदाज धरून ठोक रक्कम ठरली व प्रत्यक्षात २६० गोण्या भरल्या, तर वरच्या ६० गोण्यांबद्दल गावास काहीच मिळत नाही. सबब आपल्या वनाचा अंदाज ज्या गावास पक्का ठाऊक नाही, त्याने ठोक करारापासून दूर राहणे बरे.

याहून मोठी चूक केवळ वरचा दर पाहण्यात होते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याने गोणीस ९००० रुपये देऊ केले. अनामत नाही, व पैसे माल विकल्यावर. दुसऱ्याने ८२०० रुपये देऊ केले. चौथा हिस्सा आधी अनामत, व पैसे भरल्यावाचून गोदामातून माल हलवावयाचा नाही. २०० गोण्यांवर पहिल्याचा आकडा १८ लाख होतो, दुसऱ्याचा १६ लाख ४० हजार. परंतु बाजार पडला व पहिल्याने निम्मेच पैसे देऊन पाठ फिरविली, तर गावाच्या हाती ९ लाखच उरतात. त्याचा १८ लाखांचा आकडा ही किंमत नव्हती, ते केवळ आश्वासन होते. शासकीय खरेदीतही केवळ सर्वांत कमी दर पुरेसा मानीत नाहीत. अटी पूर्ण करणाऱ्यांतील सर्वांत कमी दर पाहतात. विक्री करणाऱ्या ग्रामसभेने हाच नियम उलट्या बाजूने पाळावा.

म्हणून निविदेची सूचना सर्वत्र पोचावी, मोहोरबंद लिफाफे सर्वांसमक्ष उघडावे व दरांबरोबर अटींचाही तुलनात्मक तक्ता वाचून दाखवावा. करारात हप्त्यांच्या तारखा असाव्यात. माल उचलण्याची मुदत पावसाळ्यापूर्वीची असावी, कारण पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो हा अनुभव जुना आहे. कर कोणी भरावयाचा, तेही लिहावे. १ जुलै २०१७ पासून तेंदूपानांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला व सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्के झाला. असा बदल हंगामाच्या मध्येच झाला व करारनाम्यात त्याविषयी अक्षर नसले, तर तंटा ठरलेलाच.

इतक्या अटी घातल्यास व्यापारी दर कमी करतील, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. सुरक्षिततेचे मोल द्यावेच लागते. ते किती द्यावयाचे, हे मात्र गावाने जाणून ठरवावे. हे सारे आपल्यास झेपणार नाही असे वाटल्यास ग्रामसभेने वनविभागाचा मार्ग स्वीकारण्यातही कमीपणा नाही. विचारपूर्वक घेतलेला कोणताही निर्णय न वाचता केलेल्या सहीहून श्रेष्ठ आहे.

येथेच ग्रामसेवक व गावपातळीवरील कार्यकर्ते यांचे खरे काम आहे. करारनामा मराठीत असतो आणि पाने तोडणाऱ्या पुष्कळ स्त्रियांची व वृद्धांची भाषा माडिया असते. ठराव होण्यापूर्वी प्रत्येक अट माडियातून समजावून सांगावी आणि एखाद्या पाने तोडणाऱ्या बाईकडून ती परत वदवून घ्यावी. तोटा कोणाचा, हे तिने अचूक सांगितले, तरच कागदावर सही व्हावी. कायद्याने गावास मालकी दिली आहे. पण आपण काय विकले व कोणत्या अटींवर विकले हे ज्यास सांगता येत नाही, तो मालक नावापुरताच उरतो.