शेल्टरमधल्या भित्र्या कुत्र्याला घर का मिळत नाही, आणि कसं मिळू शकतं?

ऑगस्ट २०२५ पासून भटक्या कुत्र्यांवरून देशभर वाद सुरू झाला. एका बाजूला 'सगळी उचला' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'एकालाही हात लावू नका' म्हणणारे. उचललेल्या कुत्र्याचं पुढे नेमकं काय होतं, यावर मात्र दोन्ही बाजू फारसं बोलल्या नाहीत.

तळेगाव दाभाडेसारख्या गावात हा प्रश्न दूरचा नाही. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, कॉलेजं, हॉस्पिटलं सगळं इथे आहे आणि अशा प्रत्येक ठिकाणी दोन-चार कुत्री वर्षानुवर्षं मुक्कामाला असतातच. कोर्टाच्या ताज्या आदेशाचा रोख नेमका याच जागांवर आहे. तिथली कुत्री शेल्टरमध्ये गेली तर त्यातली धीट कुत्री कुणीतरी घरी नेईल. पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटून बसणाऱ्यांचं काय?

कोर्टाने काय सांगितलं?

११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी भटकी कुत्री शेल्टरमध्ये हलवायला सांगितलं. त्यावरून गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, असं ठरलं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही कुत्रं मूळ जागी सोडण्याचीच पद्धत आहे.

याच आदेशात दत्तक घेण्याबद्दलही सांगितलं आहे. ज्यांना कुत्रं हवंय त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करायचा, कुत्र्याला टॅग लावून ते अर्जदाराला द्यायचं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची.

मग ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडा संकुलं, बस स्टँड आणि रेल्वे स्टेशनं इथली कुत्री काढायची, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायची आणि त्याच जागी परत सोडायची नाहीत. म्हणजे या कुत्र्यांसाठी 'मूळ जागा' हा पर्याय संपला. उरली शेल्टर किंवा कुणाचं तरी घर.

महाराष्ट्राला ही चर्चा नवी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचंय त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. 'एवढा पुळका आहे तर घरी घेऊन जा' हे सोसायटीच्या मीटिंगमध्येही हमखास ऐकू येणारं वाक्य आहे. ऐकायला ते सोपं वाटतं. पण २०१९ च्या पशुगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात भटक्या कुत्र्यांची संख्या १२ लाख ७६ हजारांच्या घरात होती. शिवाय प्रत्येक कुत्रं घरी नेण्यासारखं असतं असंही नाही, निदान पहिल्या दिवशी तरी.

कुत्रं एवढं घाबरतं कशाला?

'त्याला कुणीतरी खूप मारलं असणार' हा आपला पहिला अंदाज असतो. कधी तो खरा असतो, पण बऱ्याचदा कारण साधं असतं. अमेरिकेतल्या जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लांवर प्रयोग करून १९६५ मध्ये निष्कर्ष मांडले. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ नाजूक असतो. त्या काळात माणसांचा सहवास मिळाला नाही, तर पुढे ते माणसाला बिचकतं. नाल्याच्या पाइपात किंवा बंद पडलेल्या शेडमागे जन्मलेल्या पिल्लाला कुणी मारलेलं नसतं. त्याच्या लहानपणी माणूस त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो. काही भीती आईकडून, रक्तातूनही येते.

रस्त्यावरचं बुजरं कुत्रंही मजेत जगू शकतं, कारण माणसापासून किती लांब राहायचं हे तिथे ते स्वतः ठरवतं. चहाच्या टपरीवाल्याने टाकलेलं बिस्कीट तो मागे सरकल्यावर खायचं, ओळखीच्या वॉचमनपासून पाच हातांवर झोपायचं, अनोळखी माणूस दिसला की गाडीखाली सरकायचं. आपली सुरक्षितता त्याने अंतर राखून सांभाळलेली असते.

पिंजऱ्यात हे अंतर संपतं. आठ-दहा फुटांची जागा, चारी बाजूंनी भुंकणं, पत्र्यावर आदळणारा आवाज, दिवसातून चार वेळा दार उघडून आत येणारा माणूस. मागे सरकायला भिंतीपलीकडे जागाच नाही. अशा वेळी कुत्रं एकतर अंग चोरून थिजतं किंवा गुरगुरतं. बघायला आलेल्या कुटुंबाला यातलं काहीच आवडत नाही. ते शेपूट हलवत जाळीपाशी येणाऱ्याला निवडतात. त्यांचंही चुकत नाही. पण त्यामुळे मागचं कुत्रं मागेच राहतं, आणि जितके महिने राहतं तितकं जास्त बुजतं.

म्हणून घर शोधताना माझ्या मते एकच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. हे घर कुत्र्याला त्याचं अंतर परत देऊ शकेल का? माया, पैसा, अंगण हे सगळं त्यानंतर.

तळेगावात असं घर कुठलं?

आपल्याला वाटतं, फ्लॅटपेक्षा बंगला बरा. नेहमीच तसं नसतं. अंगण असलं की कुत्रं बाहेरच बांधलं जातं, घरात कधी येतच नाही आणि माणसाळतही नाही. किंवा पहिल्याच आठवड्यात कंपाउंडवरून उडी मारून पसार होतं. त्यापेक्षा दुसऱ्या मजल्यावरचा एक शांत वन-बीएचके चालेल. मात्र लिफ्ट आणि जिना हा भित्र्या कुत्र्यासाठी मोठा अडथळा असतो, याची तयारी हवी. शी-शूसाठी खाली न्यायलाच सुरुवातीचे काही दिवस जमणार नाही. बाल्कनीत सोय करावी लागेल आणि ती साफही करावी लागेल.

तळेगाव, चाकण, नवलाख उंबरे या पट्ट्यात घराचं वेळापत्रक कंपनीची बस ठरवते. एका आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात नाईट. भित्र्या कुत्र्याला सगळ्यात जास्त आधार ठरलेल्या वेळांचा असतो, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या शिफ्टवाल्या तरुणाला असं कुत्रं देणं अवघड. पण घरात दोघं असतील, त्यातल्या एकाची वेळ पक्की असेल आणि जेवण-फिरणं त्याच्याकडे असेल, तर जमतं. नाईट करून दिवसा झोपणाऱ्या माणसाचं घर शांत असतं, हा फायदाच म्हणायचा.

निवृत्त जोडपी हा दुसरा पर्याय. हवापालटाला किंवा निवृत्तीनंतर राहायला येण्याचं गाव ही तळेगावची जुनी ओळख आहे. घरात गोंगाट नाही, वेळ भरपूर. फक्त दोन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. कुत्र्याने दचकून पट्ट्याला हिसका दिला तर तोल सांभाळता येईल का? आणि मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडं आली की कुत्र्याला वेगळी खोली मिळेल का?

भाड्याच्या घराचा प्रश्न वेगळा. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा, आणि नोकरीची खात्री कंपनीवर. तळेगावातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं, पुढे तो ह्युंदाईने घेतला. अशा वेळी किती घरं हलली असतील याचा विचार करा. एकदा विश्वास बसलेलं भित्रं कुत्रं परत शेल्टरमध्ये आलं की दुसऱ्यांदा ते अजून उशिरा उलगडतं. त्यामुळे 'घरमालकाची परवानगी आहे का' याच्या जोडीला 'बदली झाली तर याला नेणार का' हेही आधीच विचारायला हवं. सोसायटीने 'कुत्रं चालणार नाही' म्हटलं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना रहिवाशाच्या बाजूने आहेत. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाशी मात्र आपल्यालाच बोलावं लागतं.

घरी आणल्यावर किती दिवस धीर धरायचा?

शेल्टरवाले एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस नुसती धडधड, तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, तीन महिन्यांनी ते आपलं घर वाटायला लागतं. हा काही शास्त्रीय नियम नाही. खूप भित्र्या कुत्र्याला त्याहून जास्त काळ लागतो.

पहिल्या आठवड्यात करायचं ते म्हणजे बहुतेक गोष्टी न करणं. एक खोली, कोपऱ्यात जुनी चादर, पाण्याचं भांडं. टेबलाखाली बसलं तर बसू द्यायचं, ओढून बाहेर काढायचं नाही. आंघोळ नाही, 'बघायला या' म्हणून शेजाऱ्यांना बोलावणं नाही, मोबाइल तोंडासमोर धरून व्हिडिओ तर नाहीच. खोलीत गेलं तर त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बसायचं, पेपर वाचायचा, आणि उठताना उकडलेल्या चिकनचा किंवा चपातीचा तुकडा ठेवून यायचं.

हात लावायचा का? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणूस पुन्हापुन्हा भेटत राहिला, तर कुत्र्यांचा विश्वास नुसत्या खाण्यापेक्षा गोंजारण्याने जास्त बसला. यावरून लगेच डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका. ती कुत्री मोकळी होती, नको असेल तर निघून जाऊ शकत होती. तुमच्या खोलीतलं कुत्रं जाऊ शकत नाही. त्यामुळे ते स्वतः जवळ येऊन हात हुंगेल तेव्हाच, आणि तेही हनुवटीखाली किंवा छातीवर.

सगळ्यात मोठा धोका दाराचा आहे. पार्सलवाला आला, दार अर्धवट राहिलं आणि कुत्रं निसटलं, की पुढे जुना मुंबई-पुणे हायवे नाहीतर रेल्वेचे रूळ. घाबरलेलं कुत्रं हाकेला येत नाही, उलट हाक मारणाऱ्यापासूनच पळतं. म्हणून गळ्यातला पट्टा आणि अंगावरचा हार्नेस दोन्ही, दोन्हीला वेगळी दोरी, आणि पट्ट्यावर फोन नंबर. हे काही महिने तरी. दिवाळीच्या किंवा गणपती विसर्जनाच्या आधीच्या आठवड्यात असं कुत्रं नव्या घरी पाठवूच नये. भीती खूपच असेल तर पशुवैद्य औषधंही देऊ शकतात. त्यात कमीपणा नाही.

आणि ते चावलं तर?

हा प्रश्न टाळून कुत्रं देणं ही फसवणूक आहे. भित्रं कुत्रं कोंडीत सापडलं तर चावू शकतं. त्याआधी ते बहुतेक वेळा सांगतं. तोंड फिरवतं, ओठ चाटतं, अंग ताठ करतं, मग गुरगुरतं. गुरगुरण्याबद्दल मार दिला तर ते पुढच्या वेळी न सांगता चावेल. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असलेल्या घरात असं कुत्रं देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वयाच्या मुलाला अंतर राखणं शिकवता येत नाही. कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी हवी. तरीही दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार हाती राहत नाही.

शेल्टरने काय करायचं?

अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेने २०१३ मध्ये फक्त अतिशय भित्र्या कुत्र्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. काही महिने रोज थोडा थोडा सराव, सोबतीला धीट कुत्री. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार दाखल झालेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के कुत्री तयार होऊन बाहेर पडली, आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांना घरं मिळाली. म्हणजे ही कुत्री मुळात सुधारण्यापलीकडची नसतात. पण त्यासाठी प्रशिक्षित माणसं आणि पैसा लागतो. निर्बीजीकरणासाठीच मनुष्यबळ गोळा करताना दमछाक होणाऱ्या लहान नगरपरिषदेकडून हे उद्या होईल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

कमी खर्चात करता येईल असंही बरंच आहे. कुत्रं कायमचं देण्याआधी महिनाभर तात्पुरतं एखाद्या घरी ठेवायचं. 'थोडं लाजाळू आहे' असं गोड न बोलता ते कशाला घाबरतं हे लिहून द्यायचं. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा फोन करायचा. आणि नाहीच जमलं तर कुत्रं परत आणून देण्याची वाट मोकळी ठेवायची, म्हणजे लोक ते गुपचूप हायवेला सोडणार नाहीत.

अजून एक गोष्ट, आणि ती ७ नोव्हेंबरच्या आदेशानंतर तातडीची झाली आहे. स्टेशनवरून किंवा कॉलेजमधून उचललेलं कुत्रं शेल्टरमध्ये सगळ्यांना परकं असतं, पण मूळ जागी त्याला ओळखणारं कुणीतरी असतं. कँटीनमधली मावशी, रात्रपाळीचा वॉचमन, रोज बिस्कीट टाकणारी फर्स्ट इयरची मुलगी. त्या कुत्र्याने वर्ष-दोन वर्षं लावून त्या माणसावर विश्वास ठेवलेला असतो. दत्तक घेण्यासाठी पहिली विचारणा त्यांच्याकडे व्हायला हवी. त्यांना घरी नेणं शक्य नसेल, तर निदान नव्या घरात पहिल्या दोन-तीन भेटींना तरी त्यांना बोलवावं. त्यासाठी पकडणाऱ्या पथकाने नोंदीच्या कागदावर जागा, रंग, नर-मादी यांच्या खाली आणखी एक ओळ लिहायची आहे. या कुत्र्याला खायला कोण घालत होतं, आणि त्यांचा फोन नंबर काय.