‘ये रे घना’ गाताना भीती वाटते का?

पहिला पाऊस पडला, की तुमच्या स्टेटसवर एक गाणं हमखास येतं : ‘ये रे घना’. आमच्या हरिहरेश्वरला वीकेंडला येणाऱ्या गाड्यांमध्येही तेच वाजतं. कॉलेजात सुगम गायनाच्या स्पर्धेत मीही तेच गायले. हरकती, मुरक्या, सगळं घालून. परीक्षक एवढंच म्हणाले, ‘‘सूर छान आहेत, पण यातली भीती कुठे गेली?’’ नंबर आला नाही. जाम राग आला.

सुट्टीत घरी आल्यावर पेटी बाजूला ठेवून ती कविता नुसती मोठ्याने वाचली. तेव्हा कळलं, ही पावसाची मजा नाहीच. ढगाला हाक आहे. पण नाजूक फुलं वारा चुरगळेल, ही धास्तीही आहे. ‘नको’ आहे आणि त्याच वाऱ्याची ओढही. जुलैत आमच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा चढतात, तेव्हा अगदी असंच होतं. बघायला जावंसं वाटतं आणि पायरी उतरवत नाही.

ही कविता आरती प्रभूंची, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकरांची. वेंगुर्ल्याकडचा, कोकणातलाच माणूस. ‘जोगवा’ हा त्यांचा संग्रह १९५९चा. मर्ढेकरांपासून मराठीत जी नवकविता आली, तिने आनंद आणि दुःख असे वेगळे कप्पे ठेवलेच नाहीत. हृदयनाथ मंगेशकरांनी अशा कवितांना चाली दिल्या. ‘ये रे घना’ आशा भोसले गायल्या. आपण मात्र कप्पा ठरवून मोकळे होतो : हे पावसाचं, ते विरहाचं.

तुम्ही म्हणाल, ‘‘अर्थच नीट लागत नाही, तर गायचं कशाला?’’ अहो, ग्रेसना तर सरसकट दुर्बोध म्हटलं गेलं. तरी ‘भय इथले संपत नाही’ लतादीदींच्या आवाजात घराघरांत पोचलंच ना? प्रत्येक ओळीचा अर्थ सांगता आला नाही तरी चालेल. पण कुठे थांबायचं, कुठला शब्द जपायचा, हे गाणाऱ्याला ठाऊक हवं. यशवंत देव यालाच शब्दप्रधान गायकी म्हणायचे.

युवा महोत्सवाच्या तालमी सुरू होतील, तेव्हा एवढं करून बघा. कराओके ट्रॅक लावायच्या आधी आठवडाभर कविता नुसती वाचा. श्वास शब्दाच्या मध्ये तुटतोय का, ते मित्राला ऐकायला सांगा. हरकत सुचली, तर आधी विचारा : ही कवितेला हवीय, की मला टाळ्यांसाठी?

मी पुन्हा गायले, तेव्हा दोनच हरकती उरल्या होत्या. टाळ्या कमी पडल्या. पण या वेळी मी घाबरले होते, आणि ते गाण्यात ऐकू आलं.